जीर्ण वाहनाचा त्याग आणि गृहस्थाचा धर्म

गृहस्थाश्रमात वस्तू घेणे सोपे असते. वस्तू सोडणे कठीण असते. घेण्याच्या वेळी मनात उत्साह असतो, घरची मंडळी भोवती जमलेली असतात, देवापुढे नारळ फुटतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. सोडण्याच्या वेळी मात्र मनुष्य बहुधा एकटा असतो, आणि त्याच्या अंतःकरणाचे खरे स्वरूप त्याच वेळी प्रकट होते. देवघरात केलेल्या साधनेची परीक्षा देवघरात होत नाही. ती व्यवहारात होते. आणि व्यवहारातही विशेषेकरून अशा प्रसंगी होते, की जेथे थोडेसे असत्य बोलल्याने चार पैसे अधिक मिळत असतात आणि ते असत्य सहसा कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नसते. असा एक प्रसंग आज आपल्या देशातील असंख्य घरांत येत आहे. तो म्हणजे पुष्कळ वर्षे कुटुंबाची सेवा केलेली जुनी मोटारगाडी काढून तिच्या जागी दुसरी घेणे.

कोणी म्हणेल, हा विषय बाजाराचा आहे. अध्यात्माशी त्याचा काय संबंध? परंतु भगवंतांनी गीतेचा उपदेश अरण्यातील आश्रमात केला नाही. तो रथावर केला, आणि घोड्यांचे लगाम हाती घेतलेल्या सारथ्याच्या रूपाने केला. जेथे कर्म आहे, जेथे मनाची ओढाताण आहे, जेथे ‘हे करू की ते करू’ असा प्रश्न उभा आहे, तेथे गीता आहे. मग तो प्रश्न कुरुक्षेत्रावरील असो वा घराच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा असो.

१९९८ साली सफारी, २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ या गाड्या आपल्या देशात आल्या. तेव्हापासून उंच बांध्याच्या, सात-आठ माणसे नेणाऱ्या, खराब रस्त्यालाही न डगमगणाऱ्या अशा गाड्या एकत्र कुटुंबांच्या जीवनाचा भाग होऊन गेल्या. पुढे मुलगा आणि सून, मध्ये आजी-आजोबा, मागे नातवंडे, वर टपावर बिछाने आणि ट्रंका, अशी तीर्थयात्रेला निघालेली गाडी कोणी पाहिली नाही? दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली जाते, दक्षिणेत आयुधपूजेच्या दिवशी तिची पूजा होते. अशी गाडी केवळ यंत्र राहत नाही. ती घरातील एक माणूसच होऊन बसते.

इंदूरसारख्या नगरातील एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. गृहस्वामी मध्यम उत्पन्नाचा, घरात वृद्ध माता, पत्नी, महाविद्यालयात जाणारा मुलगा आणि शाळेतील दोन लहान मुली. २०१० साली पित्याच्या हयातीत घेतलेली त्यांची गाडी २०२५ साली पंधरा वर्षांची झाली. तिच्या मीटरवर २,८७,००० किलोमीटरचा आकडा आला. पंधरा वर्षांचा हिशेब केला, तर दिवसाला सरासरी बावन्न किलोमीटर झाले. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे या एका गाडीने, घरच्या कामांसाठी धावता धावता, पृथ्वीला सात प्रदक्षिणा घालण्याइतके अंतर काटले. या प्रदक्षिणांत विवाह होते, बारसी होती, मध्यरात्री रुग्णालयाकडे घेतलेली धाव होती, पंढरीची वारी होती. आणि शेवटी पित्याच्या अस्थी नर्मदेत विसर्जित करण्यासाठी केलेला ओंकारेश्वरचा प्रवासही होता.

ही गाडी आता काढावयाची, असा विषय घरात निघाला आणि एकाच घरात तीन वृत्ती उभ्या राहिल्या. मातेच्या मनात मोह होता, मुलाच्या मनात दंभाची सूक्ष्म छटा होती, आणि गृहस्वामीच्या मनात, त्याला स्वतःलाही प्रथम न कळलेला, लोभ होता. या तिन्ही वृत्ती निरनिराळ्या माणसांत असतात असे नाही. एकाच माणसाच्या मनातही त्या एकामागून एक येत असतात. म्हणून त्या प्रत्येकीचा नीट विचार केला पाहिजे.

मोह

माता म्हणाली, “अरे, तुझ्या वडिलांना शेवटी याच गाडीतून ओंकारेश्वरला नेले. ती दुसऱ्याच्या दारात उभी राहिलेली मला कशी पाहवेल?” या शब्दांत खोटे काहीच नव्हते. कृतज्ञता हा दोष नव्हे. ज्याने सेवा केली, त्याचे स्मरण ठेवणे हा सज्जनांचा स्वभावच आहे. परंतु कृतज्ञता आणि आसक्ती या दोन्ही एकच वस्त्र पांघरून येतात, आणि त्यांतील भेद ओळखणे हेच विवेकाचे काम आहे. कृतज्ञता म्हणते, ‘हिने आमची सेवा केली, हिला सन्मानाने निरोप देऊ.’ आसक्ती म्हणते, ‘ही आमची आहे, ही आमच्यापासून दूर होता कामा नये, मग त्यामुळे कोणाची हानी होवो.’

आणि हानीचा प्रश्न येथे खराखुरा होता. त्या काळच्या अशा पुष्कळ गाड्यांत मागच्या भागात समोरासमोर आडवे बाक असत आणि त्यांना सुरक्षापट्टे नसत. दोन्ही लहान मुली नेमक्या तेथेच बसत असत. एकाएकी ब्रेक दाबला असता चाके अडकून गाडी घसरू नये म्हणून जी एबीएस नावाची योजना असते, ती नव्या मोटारींना आपल्या देशात २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीची झाली. या गाडीत ती नव्हती. अपघातात छातीचे व मस्तकाचे रक्षण करणारी हवेची पिशवीही नव्हती. क्लच दोनदा बदलून झाला होता, चढावर धूर काळा येत होता, आणि इंजिन दर महिन्याला थोडे थोडे तेल पीत होते. शिवाय स्वतः मातेचे गुडघे दुखत असत. तिला त्या उंच पायरीवर चढविण्यासाठी दोघांना हात द्यावा लागे आणि त्यामुळे तिने देवळात जाणेही कमी केले होते. ज्या गाडीसाठी ती अश्रू ढाळीत होती, त्याच गाडीने तिचे देवदर्शन तोडले होते.

अशा वेळी महाभारतातील एका प्रसंगाचे स्मरण करावे. अठरा दिवसांचे युद्ध संपले, दुर्योधन पडला, आणि पांडव कौरवांच्या शिबिरापाशी आले. तेव्हा श्रीकृष्णांनी अर्जुनास सांगितले की, आज तू आधी गांडीव आणि भाते घेऊन खाली उतर. मी तुझ्यामागून उतरेन. प्रतिदिनीचा क्रम याहून वेगळा होता, तरी अर्जुनाने आज्ञा मानली. तो उतरल्यावर भगवंत उतरले, ध्वजावरील दिव्य वानर अंतर्धान पावला, आणि पाहता पाहता तो रथ घोड्यांसह जळून भस्म झाला. अर्जुन आश्चर्यचकित झाला. तेव्हा भगवंतांनी उलगडा केला, की द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी हा रथ केव्हाच दग्ध झाला होता. तुझे कार्य पूर्ण व्हावयाचे होते म्हणून मी त्यावर बसून तो धरून ठेवला होता.

हा प्रसंग शल्यपर्वात आला आहे. खांडववनाच्या वेळी अग्नीच्या कृपेने मिळालेला तो दिव्य रथ! त्याच्यावर अर्जुनाचे किती प्रेम असेल! तरी कार्य संपताच तो गेला, आणि भगवंतांनी त्याची राख सांभाळून ठेवण्यास सांगितले नाही. यावरून हेच शिकावयाचे, की वाहन कार्यासाठी असते, कार्य वाहनासाठी नसते. इतकी वर्षे आपण सुखरूप घरी परतलो, ते लोखंडाच्या बळावर नव्हे. ज्याच्या सत्तेने ते लोखंड टिकले, त्याचे आभार मानावे आणि लोखंड जाऊ द्यावे. पित्याच्या अस्थी नर्मदेला अर्पण झाल्या आहेत. त्या गाडीच्या आसनावर राहिलेल्या नाहीत.

परंतु येथे एक सावधानता हवी. मोहाचा त्याग याचा अर्थ चांगली वस्तू टाकून देणे असा नव्हे. जी वस्तू अजून सुरक्षितपणे काम देऊ शकते, ती केवळ जुनी दिसते म्हणून टाकणे हीही एक प्रकारची उधळपट्टीच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याप्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेता येते. दिल्ली राजधानी क्षेत्रात मात्र जुन्या गाड्यांविषयी, विशेषतः डिझेल गाड्यांविषयी, २०१५ पासून अधिक कडक आदेश निघाले आणि त्यांत वेळोवेळी फेरबदलही झाले आहेत. तेथील गृहस्थाने त्या वेळचा नियम पाहूनच ठरवावे. अन्यत्र नियम असा, की एखाद्या जाणत्या आणि निःस्वार्थी मिस्त्रीकडून चेसिस, ब्रेक, स्टेअरिंग, सस्पेन्शन आणि इंजिनाचा दाब ही पाच अंगे तपासून घ्यावीत. टायर वरून चांगला दिसला, तरी त्याच्या कडेवरील चार अंकांचा आकडा वाचावा. त्यात पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. पुढील दोन वर्षांत होणाऱ्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहावा. दुरुस्तीने गाडी निर्भय होत असेल, तर दुरुस्ती करावी. होत नसेल, तर सोडावी. निर्णय बुद्धीने घ्यावा. मन नंतर हळूहळू मागे येते.

दंभ

मुलगा म्हणाला, “बाबा, आता घ्यायचीच आहे तर मोठी घेऊ या. वर काचेचे छत असलेली. समोरच्या काकांनी घेतली आहे, तिच्याहून लहान घेतली तर बरे दिसेल का?” तारुण्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ‘बरे दिसेल का’ हा प्रश्न ज्या क्षणी निर्णयात शिरतो, त्या क्षणी निर्णय आपला राहत नाही. तो समोरच्या काकांचा होतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी आसुरी वृत्तीच्या माणसाच्या मनातील बोलणे उघड करून दाखविले आहे: आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन, इतके धन आहे, आणखी इतके होईल. हे बोलणे राजवाड्यातच होते असे नाही. ते मोटारीच्या दुकानात, कर्जाच्या कागदावर सही करतानाही होत असते.

आपल्या वाडवडिलांनी दोन साध्या म्हणींत सारे अर्थशास्त्र सांगून ठेविले आहे: अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि ऋण काढून सण करू नये. कर्ज काढणे म्हणजे पापच, असे नाही. प्रपंचात ते कधी कधी काढावे लागते. परंतु दरमहाचा हप्ता मुलींच्या शिक्षणातून, मातेच्या औषधातून किंवा दारी येणाऱ्या गरजवंताच्या घासातून कापला जाणार असेल, तर ते कर्ज वाहनाचे नव्हे, अहंकाराचे आहे.

मग काय पाहावे? गरज पाहावी. या घराची गरज काय होती? वृद्ध मातेला सहज बसता यावे अशी पायरी. प्रत्येक मुलासाठी समोर तोंड असलेले आसन आणि त्याला पट्टा. आणि अपघाताच्या वेळी रक्षण. येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी, की सुरक्षिततेवर केलेला खर्च हा भोग नव्हे. आश्रितांच्या जीवाचे रक्षण हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप नावाची योजना सुरू झाली आहे. तिच्यात मोटारी प्रत्यक्ष आदळवून पाहून त्यांना तारांकने दिली जातात, मोठ्यांच्या रक्षणासाठी वेगळी आणि मुलांच्या रक्षणासाठी वेगळी. काचेच्या छताची चौकशी करण्याआधी ही तारांकने पाहावीत. छत पाहुण्यांना दिसते; तारांकने संकटात कामाला येतात.

त्या कुटुंबाने अखेर काकांच्या गाडीहून लहान, पायरी बसकी आणि सहा आसने समोर तोंड असलेली अशी गाडी ठरविली. मुलगा काही दिवस अबोल राहिला. पुढे एका सकाळी आजी कोणाचाही हात न धरता त्या गाडीत बसली आणि म्हणाली, “चला, आधी देवळात.” त्या दिवशी तोच गाडी चालवीत होता. त्यानंतर काचेच्या छताचा विषय त्याने काढला नाही.

लोभ

मोह आणि दंभ हे निदान दिसतात तरी. लोभ व्यवहारचातुर्याचा वेष घेऊन येतो. जुनी गाडी विकावयाची, म्हणून गृहस्वामी एका दलालाकडे गेला. दलालाने गाडी पाहिली, मीटर पाहिला आणि सहज स्वरात सांगितले, “साहेब, आकडा फार झाला. आमचा माणूस अर्ध्या तासात एक लाख वीस हजारांवर आणून देईल. सर्व्हिसचे पुस्तक हरवले म्हणून सांगा. सहा वर्षांपूर्वीच्या अपघातात चेसिसला जोड दिला आहे, त्यावर रंग मारून घेऊ. लाखभर रुपये जास्त मिळतील. सगळेच करतात.”

‘सगळेच करतात’ या दोन शब्दांनी जितका अधर्म झाला आहे, तितका तलवारींनीही झाला नसेल. गृहस्वामीला लाख रुपयांची गरज नव्हती असे नाही. त्याच वर्षी मुलाचे शुल्क भरावयाचे होते. रात्री त्याने पत्नीला सर्व सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, आजवर या गाडीत आपली मुले बसली. उद्या त्या माणसाची बसतील. तो जोड कुठे आहे, हे आपल्याला माहीत आहे. त्याला माहीत नसेल.”

या वाक्यात सारा धर्म आला. मीटर मागे फिरविणे ही केवळ आकड्याची लबाडी नव्हे. गाडी किती धावली, यावरून कोणता भाग केव्हा बदलावयाचा हे ठरते. खोट्या आकड्यावर विसंबून खरेदीदार ब्रेकचे, सस्पेन्शनचे, रबरी नळ्यांचे काम पुढे ढकलतो. आणि एखाद्या उतारावर त्या असत्याची किंमत त्याची मुले देतात. विकणाऱ्याला ते कधी कळतही नाही. परंतु न कळल्याने कर्म नाहीसे होत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराची कथा आहे. जाजली नावाच्या ब्राह्मणाने इतके घोर तप केले, की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले, अंडी घातली, पिले वाढली, तरी तो हलला नाही. त्याला आपल्या धर्माचा अभिमान झाला. तेव्हा त्याला कळविण्यात आले, की वाराणसीतील तुलाधार नावाच्या व्यापाऱ्याची योग्यता तुझ्याहून अधिक आहे. जाजली तेथे गेला, तर तो व्यापारी दुकानात बसून माल विकीत होता. त्याचे तप काय? एवढेच, की त्याची तुला सर्व प्राण्यांसाठी समान होती. तो व्यवहारात कोणाला फसवीत नसे आणि कोणाचे अहित चिंतीत नसे. डोक्यावर घरटे बांधू देणे कठीण खरे. परंतु गिऱ्हाइकासमोर तराजू सरळ धरणे त्याहून कठीण आहे, आणि गृहस्थाला तेच तप नेमून दिलेले आहे.

गृहस्वामीने दुसऱ्या दिवशी एका कागदावर सर्व लिहून काढले: खरे किलोमीटर, अपघाताचे वर्ष, चेसिसचा जोड, पुढचा डावा टायर लवकर झिजतो ते, इंजिन तेल पिते ते. आपल्या मिस्त्रीकडून जोड पुन्हा तपासून घेतला, आणि गाडी चालविण्यास योग्य आहे, परंतु जड ओझे लादू नये, हे त्याचे मतही खाली लिहिले. ब्रेक मात्र त्याने स्वतःच्या खर्चाने नवे करून घेतले. कारण सदोष ब्रेक सांगून विकणे हे देखील त्याला पटेना. पहिला खरेदीदार तो कागद वाचून निघून गेला. दुसऱ्याने फारच कमी किंमत सांगितली. तिसरा देवास जिल्ह्यातील एक शेतकरी होता. त्याने कागद दोनदा वाचला, आपला मिस्त्री आणून गाडी दाखविली, आणि दलालाने सांगितलेल्या किमतीहून पुष्कळ कमी, पण रास्त किमतीत ती घेतली. किल्ली देताना गृहस्वामी त्याला म्हणाला, “भाऊ, मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवू नका.”

येथे कोणताही चमत्कार झाला नाही. गमावलेले लाख रुपये दुसऱ्या वाटेने परत आले नाहीत. मुलाचे शुल्क भरण्यासाठी घरातील रंगकाम पुढे ढकलावे लागले आणि पत्नीने ठरविलेली एक यात्रा राहून गेली. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे, की सत्याचे फळ लगेच पैशात मिळेल या आशेने जे सत्य बोलतात, त्यांचे सत्य हाही एक सौदाच असतो. भगवंतांनी कर्म करावयास सांगितले ते फळाची अट घालून नव्हे. सत्याचे फळ एवढेच, की मनुष्य सत्यात राहिला.

कागद पुरे करणे हाही धर्मच

पैसे घेतले, किल्ली दिली, म्हणजे आपला संबंध संपला, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. हस्तांतराचे नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज भरून, त्याच राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांच्या आत, विकणाऱ्याने परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. कर्ज फिटले असल्यास बँकेचे नाहरकत पत्र घेऊन नोंदणीवरील तिचे नाव काढून घ्यावे. खरेदीदाराने चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. विकणाऱ्याने आपला फास्टॅग बंद करावा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी विकून झाली असली, तरी नाव बदललेले नसेल, तर अपघाताच्या भरपाईचे उत्तरदायित्व त्याच्यावर येते. जे मनाने सोडले, ते कागदावरही सोडले पाहिजे. अर्धवट त्याग बंधनच निर्माण करतो.

विमा व्यवहारातील एक नियम येथे विचार करण्याजोगा आहे. ज्या वर्षी मनुष्य विम्याची भरपाई मागत नाही, त्या वर्षाबद्दल त्याला पुढील हप्त्यात सवलत मिळते. ती पहिल्या वर्षानंतर वीस टक्के असते आणि वाढत वाढत पाच वर्षांनी पन्नास टक्के होते. ही सवलत गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली, तरी ती गाडीबरोबर जात नाही. प्रमाणपत्र घेतल्यास तीन वर्षांच्या आत ती दुसऱ्या गाडीला लावून घेता येते. लोखंड दुसऱ्याकडे गेले, परंतु जपून चालविल्याची कमाई चालविणाऱ्याबरोबर राहिली. देहाच्या बाबतीतही याहून वेगळे काय घडते?

दानाच्या नावाखाली

एका नातलगाने गृहस्वामीला सुचविले होते, “विकण्याची कटकट कशाला? एखाद्या आश्रमाला देऊन टाका, पुण्यही लागेल.” गाडी उपयुक्त असेल, कागद पूर्ण असतील, आणि घेणाऱ्याला तिचे गुणदोष सांगून ती दिली असेल, तर ते खरोखरच दान होय. परंतु जी आपल्या मुलांसाठी अयोग्य ठरली, तिचा भार दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे, हे दान नव्हे. कठोपनिषदाचा आरंभच या गोष्टीने झाला आहे. नचिकेत्याच्या पित्याने यज्ञात अशा गायी दिल्या, की ज्यांचे पाणी पिणे, गवत खाणे आणि दूध देणे सर्व संपले होते. ते पाहून त्या बालकाच्या अंतःकरणात श्रद्धा जागी झाली आणि त्याला कळून आले, की अशा दानाने दाता आनंदाच्या लोकी जात नाही. आज गायीच्या जागी गाडी आली आहे; परीक्षा तीच आहे.

गाडी अगदीच निरुपयोगी झाली असेल, तर तिच्यासाठीही शुद्ध मार्ग आहे. २०२१ साली केंद्र शासनाने जुनी वाहने मोडीत काढण्याविषयी नियम केले. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली, म्हणजे तेथे प्रथम तेल, बॅटरी आणि घातक द्रव्ये काढून मग ती मोडली जाते, आणि मालकाला जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात राज्यांनी पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी, अशी तरतूदही आहे. याउलट, दोन पैसे अधिक मिळतात म्हणून कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला गाडी दिली, तर तिचे तेल जमिनीत मुरते, नोंदणी जिवंत राहते, आणि तिचा चेसिस क्रमांक चोरीच्या गाडीवर चढण्याचा संभव राहतो. पृथ्वीने दिलेले लोखंड पृथ्वीला न दुखविता परत करणे, हाही यज्ञच होय. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितलेच आहे, की मिळालेले परत न देता जो केवळ भोगतो, तो चोर होय.

देहरूपी वाहन

त्याच कठोपनिषदात पुढे देहाला रथ म्हटले आहे. आत्मा हा रथाचा स्वामी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. हा रथही दिवसेंदिवस झिजत आहे. याचाही आकडा वाढत आहे, आणि तो आकडा मागे फिरविणारा कारागीर कोणत्याही बाजारात नाही. केस काळे करता येतात, वय लपविता येते. गेलेला श्वास परत आणता येत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी जीर्ण वस्त्राचा दृष्टांत देऊन सांगितले, की देही जुना देह टाकून नवा घेतो. तो दृष्टांत ऐकताना सर्वजण मान डोलवितात. परंतु पंधरा वर्षांची गाडी सोडताना ज्याच्या मनात एवढी खळबळ होते, त्याने स्वतःला विचारावे, की साठ-सत्तर वर्षांचे हे वाहन सोडण्याची आपली तयारी कितपत झाली आहे?

म्हणून लहान त्याग हे मोठ्या त्यागाचे शिक्षण समजावे. गाडी देण्याच्या दिवशी ती स्वच्छ धुवावी. आतील देवाची मूर्ती, मुलांच्या वस्तू, जुनी पत्रे काढून घ्यावीत. घरच्या सर्वांनी तिला एकदा नमस्कार करावा. तो नमस्कार यंत्राला नव्हे, ज्याने पंधरा वर्षे सुखरूप नेले आणि आणले, त्या अंतर्यामी परमेश्वराला होय. मग जे खरे आहे ते सांगून, जे देणे आहे ते देऊन, किल्ली हातावर ठेवावी आणि मागे वळून हिशेब करू नये.

आणि नवे वाहन दारात आल्यावर त्याची पूजा अवश्य करावी, नारळ फोडावा, कुंकू लावावे. परंतु खरी पूजा त्यानंतर रोज व्हावयाची असते. स्वतः पट्टा बांधून मग किल्ली फिरविणे, मागे बसलेल्यांनाही पट्टा बांधावयास लावणे, रुग्णवाहिकेला वाट देणे, पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देणे, मद्य घेतलेल्याच्या हाती चाक न देणे, आणि घरातील रिकाम्या आसनावर कधी एखाद्या वृद्ध शेजाऱ्याला देवदर्शनासाठी नेऊन आणणे, ही ती पूजा होय. असे जो करतो, त्याच्या वाहनावर तो पार्थसारथी स्वतः बसलेला असतो. आणि ज्या दिवशी कार्य संपेल, त्या दिवशी तोच हाताला धरून आधी आपल्याला खाली उतरवील.